भंडाऱ्यावर पोचणारी भाकरी

१९८६ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात ख्रिस्तोफर नाईट नावाचा २० वर्षांचा तरुण गाडी रानाच्या कडेला सोडून आत चालत गेला. २०१३च्या एप्रिलमध्ये चोरी करताना पकडला जाईपर्यंत तो माणसांत परतला नाही. धूर दिसेल या भीतीनं त्यानं २७ हिवाळ्यांत एकदाही शेकोटी पेटवली नाही. एवढ्या वर्षांत वाटेत भेटलेल्या एका भटक्याला आपण फक्त ‘हाय’ म्हटलं, असं त्यानं पकडल्यावर सांगितलं. घरात छळ नव्हता, मागे गुन्हा नव्हता. का गेलास, याचं उत्तर त्याला स्वतःलाही धड देता आलं नाही. पत्रकार मायकेल फिंकेल यांच्याशी बोलताना मात्र तो एक गोष्ट सांगून गेला : बघणारं कुणीच नसल्यामुळे आपण अमुक कुणी आहोत ही जाणीवच हळूहळू गळून पडली.

वेगळं राहणं पसंत करणाऱ्या अनेकांचं मर्म मला इथे दिसतं. आपण त्यांना माणूसघाणे म्हणून मोकळे होतो. पण त्यांना माणसांचा वीट आलेला असतोच असं नाही. अष्टौप्रहर कुणाचं तरी कुणीतरी असण्याचा शीण आलेला असतो. मुलगा, जावई, साहेब, शेजारी. प्रत्येकाच्या नजरेत आपलं एक रूप ठरलेलं, आणि ते दिवसभर निभवायचं.

१६३०च्या सुमाराच्या दुष्काळानंतर देहूत तुकोबा कोण होते? दिवाळं निघालेला वाणी, ज्याची पहिली बायको अन्नान्न करत गेली असा माणूस. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसले की ते यांपैकी कुणीच नव्हते. सावकारीच्या खतांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, असं परंपरा सांगते. म्हणजे येणेकरी म्हणून लोकांशी असलेलं नातंही त्यांनी सोडलं. आणि मग हाच माणूस खाली उतरून त्याच लोकांपुढे कीर्तनाला उभा राहिला. लोक त्यांना नकोसे झाले असते, तर हे घडलं नसतं.

या डोंगराची आणखी एक कथा आहे. तुकोबांची दुसरी बायको जिजाई भाकरी घेऊन उन्हातान्हात भंडारा चढायची. एकदा तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल आला. कथा रचणाऱ्या लोकमनाला वर बसलेल्या तुकोबांइतकीच ही चढणारी बाई दिसली, याचं मला फार अप्रूप वाटतं. एकांताला कुणीतरी खालून भाकरी पोचवत असतं. नाईटलाही ती लागलीच. तळ्याकाठच्या सुट्टीच्या घरांत त्यानं हजाराच्या आसपास चोऱ्या केल्या; खाणं, कपडे, पुस्तकं, बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या. काहींनी त्याच्यासाठी सामानाच्या पिशव्या दाराला टांगून ठेवल्या. काहींची मात्र रात्रीची झोप कायमची उडाली.

मग जिजाईनं कुठे जायचं? डोंगरावर जाण्याचा मान आपण पुरुषाला दिला. बाईच्या वाट्याला एकटेपण आलं ते बहुतेक वेळा लादलेलं : केशवपन करून माजघरातल्या कोपऱ्यात बसवलेली विधवा, टाकलेली बायको. स्वतःचा म्हणावा असा वेळ तिनं पहाटेच्या जात्यापाशी मिळवला. घर झोपेत असताना, कधी एकटीनं, कधी जावेबरोबर दळताना, ती जे कुणाला सांगू शकत नव्हती ते जात्याला सांगत होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. नुसतं दळण म्हणून याकडे बघणं मला जमत नाही. एवढं मन मोकळं करायला दिवसातली तेवढीच वेळ तिच्या हातात होती.

मागच्या पिढीतल्या बायकांकडून आणखी एक गोष्ट ऐकायला मिळते. पाळीत ‘बाजूला बसण्या’च्या तीन दिवसांत निदान कुणी हाक मारत नसे, असं त्या सांगतात. ती चाल अपमानाचीच होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरी त्या अपमानातही त्यांना विसावा सापडला, कारण एरवी तो कुणी दिलाच नव्हता. आता शहरातल्या दोन खोल्यांच्या घरांतून ते बाजूला बसणं बरंचसं गेलं, आणि गेलं ते उत्तमच झालं. पण घरातली बाई दुपारी सहज दार लोटून बसली, तर पाच मिनिटांत बाहेरून विचारणा होते, “का गं, बरं वाटत नाही का?”