वर्षाचा सिनेमा कोण ठरवतं?

पर्ससीन मासेमारीचा हंगाम ३१ डिसेंबरला संपतो. २०१६ च्या शासन आदेशाने तो सप्टेंबर ते डिसेंबर असा चार महिन्यांवर आला, तेव्हापासून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात डिसेंबरअखेरीला हिशेबाचं महत्त्व आलं. जाळी बोटींवरून उतरतात, वाटे होतात, नेपाळी खलाशी गावी जायच्या तयारीला लागतात. याच दिवसांत आम्हा मित्रांचा आणखी एक हिशेब चालतो : सरत्या वर्षातले आवडते सिनेमे कोणते? बोटीचा प्रमुख असलेला एक तांडेल, एक खलाशी, एक बर्फाच्या कारखान्यातला, एक शिक्षक आणि मी. विषय फावल्या वेळचा वाटेल. पण गेल्या दहाएक वर्षांत या प्रश्नाचा आमच्यापुरता अर्थ बदलत गेला, आणि तो बदल मला यादीतल्या कुठल्याही नावापेक्षा मोलाचा वाटतो.

सुरुवातीला आम्हाला क्रमांक हवे होते. २०१५ हे त्यासाठी भरगच्च वर्ष. ‘कोर्ट’, ‘किल्ला’, ‘कट्यार काळजात घुसली’ एकाच वर्षात थिएटरात आले. ‘किल्ला’ तर आमच्याच जिल्ह्यात, गुहागरला चित्रित झालेला. पण अविनाश अरुण यांच्या या चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात बक्षीस मिळालं होतं २०१४ साली. मग तो कुठल्या वर्षाचा धरायचा? शिक्षक मित्र तारखा काढून बसला. खलाशी मित्राने तो आणखी उशिरा, मोबाइलवर पाहिला होता. खोल समुद्रात रेंज जाते, म्हणून ही मुलं बंदरात असतानाच सिनेमे भरून घेतात. तो म्हणाला, “मी बघितला तेव्हाच तो माझ्यासाठी आला ना?” हे उत्तर मला पटलं. वर्ष पंचांगाचं असतं तसं बघणाऱ्याचंही असतं.

पुढचं वर्ष सोपं गेलं. १ जानेवारीला ‘नटसम्राट’, एप्रिलअखेर ‘सैराट’, नोव्हेंबरात ‘व्हेंटिलेटर’. पहिल्या जागेवरून वाद नव्हता, खालच्या जागांवरून होता. त्या वादात कुणीतरी तोडगा काढला : नुसतं ‘भारी आहे’ म्हणायचं नाही, एक प्रसंग सांगायचा. त्याने बैठकीचा नूरच बदलला. खलाशी मित्राने ‘किल्ला’तला छोटा चिन्मय सांगितला. भर पावसात सोबती त्याला किल्ल्यावर सोडून निघून जातात आणि तो हाका मारत फिरत राहतो. कोवळ्या वयात पहिल्यांदा बोटीवर गेलेला हा माणूस त्या हाकांबद्दल बोलत होता, तेव्हा त्या सिनेमाचा नंबर कितवा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. क्रमांक मागे पडले, कारणं पुढे आली.

महाराष्ट्रात या बोलण्याला जुनी परंपरा आहे. १९५९ साली फिल्म सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ झाला, सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. तिथे सिनेमा दाखवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच नंतर त्यावर बोलणं. फरक इतकाच की तेव्हा एक प्रिंट यायची आणि सगळे मिळून पाहायचे. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा सिनेमा आहे. पाच जणांनी पाच वेगळे सिनेमे पाहिले असतील, तर त्यांतला पहिला ठरवायचा कसा? अशा वेळी यादीचं काम उरतं ते आपण पाहिलेलं दुसऱ्याच्या हवाली करण्याचं.

पण यादीवर कुणाचं मत घेतलं, हाही प्रश्न होताच. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांसाठी मतं मागवतं. पहिल्या वेळी ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल ठरला, १९६२ पासून सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’. २०२२ साली मत देणारे सोळाशेच्या वर गेले आणि पहिली आली शांताल आकरमानची ‘जान दिलमान’. एका बाईच्या स्वयंपाकघरातल्या रोजच्या कामांचा, १९७५ सालचा हा सिनेमा. तो होता तसाच होता, मत विचारलेली माणसं वाढली होती.

आमच्याकडेही तेच झालं. रात्री जेटीवर बसायचो तोवर बैठकीत पुरुषच असत. ती तांडेलाच्या अंगणात बसू लागली, तशा वहिनी आणि मासळी विकणारी त्यांची जाऊ बोलू लागल्या. २०२४ च्या अखेरीस शिक्षक मित्राने पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ सुचवला. त्याला त्या वर्षी कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं होतं, आणि त्याचा उत्तरार्ध रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडतो. बाकीच्यांनी तो जानेवारीनंतर घरी पाहिला. तांडेल बोलला समुद्रातून बाहेर काढलेल्या माणसाबद्दल. नर्स असलेली प्रभा त्याच्या छातीवर दाब देते, तोंडाने श्वास देते आणि भोवतीची माणसं नुसती बघत राहतात. “असंच होतं, कुणाला सुधरत नाही,” एवढंच तो म्हणाला. वहिनींच्या जावेला ते फारसं आठवतही नव्हतं. तिच्या डोक्यात छाया कदमची पार्वती होती. नवरा गेला, मुंबईतल्या खोलीचे कागद नाहीत, म्हणून गावी परतलेली. “एवढी वर्षं राहिली, पण कागद नाही म्हटल्यावर राहिलीच नाही असं झालं.”

त्याच जानेवारीत, २०२५ मध्ये, मिरकरवाडा बंदरातली अनधिकृत ठरलेली बांधकामं हटवली गेली होती. त्या कारवाईबद्दल अंगणात दोन मतं होती, आजही आहेत. पण वर्षअखेरीला पुन्हा पार्वतीचा विषय निघाला, तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं तिच्याबद्दल सारख्याच आस्थेने बोलली. आदल्या यादीतला एक सिनेमा वर्षभरात आमच्यात मोठा झाला होता. लिलावात मासळीचा भाव लगोलग ठरवावा लागतो, कारण थांबलं तर माल उतरतो. सिनेमाला ती घाई नाही, उलट काही सिनेमे थांबल्यावरच कळतात.

म्हणून आता आम्ही नवी यादी करण्याआधी जुनी उघडतो. तिच्यातलं काय टिकलं, काय विरलं आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपण काय पाहिलं, हे प्रत्येकाने सांगायचं. डिसेंबरअखेर गावोगाव मित्र जमतात, आवडीनिवडी निघतात. त्यांनी यादी जरूर करावी आणि वहीत लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी बसताना मात्र आदल्या वर्षी ज्यांना विचारलं नव्हतं, त्यांच्यापासून सुरुवात करावी.