त्याला काय कळतंय!

दोन-तीन वर्षांच्या पोराला कुणी धपाटा घातला आणि दुसऱ्यानं हटकलं, की आपल्याकडं ठरलेलं उत्तर येतं, "लहान आहे, त्याला काय कळतंय! उद्या विसरून जाईल." विसरण्याचं खरं आहे. दोन वर्षांचे असतानाचं आपल्यापैकी कुणाला आठवतंय? पण जे पुढं आठवणार नाही ते केलं तर चालतं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं टोचतोय.

बैलबाजारात जाणता गिऱ्हाईक गोऱ्हा घेताना दात बघतो, खांदा बघतो आणि सहज केल्यासारखा हात वर उचलतो. गोऱ्हा बुजून मागं सरला, की समजायचं, याला दावणीला कुणीतरी झोडपलाय. किंमत तिथंच उतरते. मार कधी पडला, कुणी दिला, हे जनावर काय सांगणार? पण अंगानं ते धरून ठेवलेलं असतं. काही लेकरं अशीच, डोक्यावरून हात फिरवायला गेलं तरी मान आत ओढून घेतात.

जन्मलेल्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव हिश्शाएवढा असतो. तीन वर्षांचं होईस्तोवर तो ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचतो. अंगणवाडीत पोर बसायला लागतं ते तिसऱ्या वर्षानंतर. म्हणजे बरीचशी पेरणी घरातच उरकलेली. रडलं की उचलणं, बोबडं बोललं की त्याला उत्तर देणं, यातनंच त्या मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होतात. याला पैसा लागत नाही.

"आम्ही मार खाल्ला, आम्ही काय बिघडलो?" असं विचारणारे भेटतात. ते तरले म्हणून विचारतात. जे दबून गेले ते चारचौघांत बोलायला उठतच नाहीत. आणि मारू नका म्हणजे डोक्यावर बसवा, असंही नाही. चुलीकडं निघालेल्या पोराचा हात धरायचाच.

खरी अडचण निराळीच आहे. बाई दिवसभर खुरपून येते, डोक्यावरचा भारा टाकते, चूल पेटवते आणि तेवढ्यात पोर पदर ओढतं. धपाटा बसतो तो बहुतेक या घटकेला. आणि पारावर बसलेले बाप्ये सांगतात, आईनं वळण लावलं पाहिजे! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडला आदिवासी पाड्यांत नेलं. तिथं त्यांना दिसलं, की धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली पोरगी शाळेत येणार कशी? मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. उपदेश करत बसल्या नाहीत, आधी त्या पोरीच्या कडेवरचं ओझं उतरवलं.

आपल्या घरात एवढं मोठं काही करायला नको. दिवेलागणीला आजोबांनी, बापानं पारावरनं उठावं, पोराला खांद्यावर घेऊन गोठ्याकडं जावं, वासरू दाखवावं, ते जे विचारंल त्याला ओ द्यावी. तवर तिच्या भाकरी होतात.