लेकीला काय लागले?

लेकी बोले सुने लागे, ही सत्तेपुढे तोंड उघडू पाहणाऱ्यांची जुनी सोय. फ्रेंच व्यंगचित्रकारांना ती का लागली, हे १८३१ सालच्या एका चित्रावरून कळते. ऑनोरे दोमिएने राजा लुई-फिलिपला अवाढव्य खादाड राक्षस करून खुर्चीवर बसवले. नाण्यांच्या टोपल्या फळीवरून थेट त्याच्या तोंडात चढताहेत आणि खुर्चीखालून सनदा नि मानसन्मान बाहेर पडताहेत. दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली. १८३५च्या सप्टेंबर कायद्यांनी तर चित्र छापण्याआधी परवानगी घेणे सक्तीचे केले. राजाला थेट टोचणे असे महाग पडू लागल्यावर परक्याच्या आडून बोलणे व्यंगचित्रालाही सोयीचे झाले.

युक्ती नवी नव्हती, पण तिचा रोख उलटला होता. मॉन्तेस्क्यूच्या १७२१ सालच्या ‘पर्शियन पत्रां’त इराणी प्रवासी पॅरिसकडे पाहतात आणि तिथले रीतिरिवाज त्यांना चमत्कारिक वाटतात; परका तिथे डोळा आहे. १८५०च्या सुमारास तो नुसता मुखवटा उरला. हैतीचा अध्यक्ष सुलूक १८४९ साली सम्राट झाला, तेव्हा पॅरिसमध्येही एक अध्यक्ष, नेपोलियनचा पुतण्या, त्याच वाटेवर होता. ‘सुलूक’ म्हटले की कोणाकडे बोट आहे, हे विरोधकांना सांगावे लागत नसे. पण हा विनोद चालायचा कशाच्या बळावर? काळ्या माणसाने मुकुट घालणे मुळातच हास्यास्पद, हे वाचकाने आधीच मान्य केलेले असल्याच्या बळावर. सुलूकच्या दरबारावर चित्रमालिका काढणारा कॅम हा नोए घराण्यातला, आणि त्या घराण्याची वैभवाची एक वाट हैतीतल्या गुलामांच्या श्रमातून गेलेली. त्याचे टोपणनावही श्लेषाचे: नोए म्हणजे नोहा आणि कॅम म्हणजे नोहाचा मुलगा हाम. याच हामच्या शापाची कथा सांगून गुलामगिरीचे समर्थन होत असे.

यावर कोणी म्हणेल, नेम सत्तेवर होता, हैतीवर नव्हे; आणि आजच्या मापाने तो काळ मोजू नये. पहिले बरोबर आहे, पण म्हणीतही लेकीला बोल खावेच लागतात. ते तिला लागतात का, हे कोणी विचारत नाही. स्वातंत्र्य मान्य करण्यासाठी फ्रान्सने १८२५ साली लादलेली भरपाई हैती त्याच वर्षांत फेडत होता; त्या हप्त्यांवर पॅरिसला हसू आले नाही. राहिले माप. ते त्या काळातही उपलब्ध होते. फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी १८४८ सालीच रद्द केली होती, आणि मानववंशांच्या समानतेवरचा आपला ग्रंथ हैतीच्या आंतेनोर फिर्मँने १८८५ साली पॅरिसमध्येच प्रसिद्ध केला.

खरी कसोटी लागली ती १८८१ साली. नव्या कायद्याने पूर्वपरवानगी गेली, मुखवट्याची गरज संपली. तरी मुखवटा उतरला नाही. जानेवारी १८९८च्या ‘ल पती जूर्नाल’मधल्या गाजलेल्या चित्रात चीन नावाचा केक टेबलावर आहे. व्हिक्टोरिया राणी आणि जर्मन कैसर त्यावरून एकमेकांकडे डोळे वटारताहेत. झारच्या मागे उभ्या असलेल्या मारियानच्या, म्हणजे फ्रान्सच्या, हातात मात्र सुरी नाही. थट्टा लुटारूंची आहे, पण त्यांतून घरचा माणूस वगळून. आणि लांब नखांचा चिनी अधिकारी मागे हात वर करून ओरडतो आहे. त्याला टेबलाशी खुर्ची नाही. दोमिएने निदान खुर्चीवर आपलाच राजा बसवला होता.