सापाचा पत्ता

छंद पुष्कळांना असतात आणि प्रत्येक छांदिष्टाला सोबती लागतो. नाणी जमविणारा नाणी जमविणाऱ्याला बरोबर हुडकून काढतो. गाण्याच्या वेड्याला पहिल्याच बैठकीत चार वेडे भेटतात. पण ज्याला रानातले साप पाहण्याचा नाद आहे, त्याने सोबती शोधावा कुठे? छंदाचे नाव काढताच घरची मंडळी देव्हाऱ्याकडे पाहतात आणि शेजारी त्याच्या पिशवीकडे. मी मास्तर माणूस, त्यात फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. गावाने माझ्याविषयी जे ठरवायचे ते आधीच ठरविले होते. सापांनी त्यात फारशी भर पडली नाही.

तरी सोबती भेटले. आमच्या रत्नागिरीकडे एखाद्याच्या पडवीत जनावर निघाले की दहा माणसे जमतात. नऊ जण विचारतात, “काठी कुठे आहे?” दहावा विचारतो, “कोणते आहे?” तो दहावा आपला समजावा. अशा रीतीने मला विजेच्या खांबांवर चढणारा एक वायरमन मिळाला, औषधाच्या दुकानातला एक तरुण मिळाला, आणि सातवीतला एक मुलगा मिळाला. या मुलाला ऱ्हस्वदीर्घ कधी कळले नाही. नानेटी आणि कवड्या मात्र तो लांबून ओळखतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही सड्यावर जातो. जांभ्याचा सुटा दगड पलीकडच्या कडेने आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली कोणी असलेच तर मध्ये दगडाची ढाल राहते. फुरसे असेल तर ते इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेटोळे घालते आणि अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. देह हातभर, पण रुबाब केवढा! इंग्रज अमदानीत सरकारने या जिल्ह्यात फुरश्यांच्या डोक्यावर बक्षीस लावले होते. ती लाखांनी मारली गेली, आणि फुरसे आजही सड्यावर आहे. भर पावसात रात्री विजेरी घेऊन ओढ्याकाठी गेले तर चापडा दिसतो, पानासारखाच हिरवा, तासन्‌तास एका फांदीवर निश्चल. धरायचे नाही, डिवचायचे नाही. पाहायचे आणि दगड होता तसा ठेवून यायचे, हा आमचा नेम. परवानगीवाचून साप धरणे आणि बाळगणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो. दुसऱ्याच्या घराचे छप्पर उचलून आत डोकावण्याचा मला अधिकार काय? मी स्वतःला सांगतो की, ज्याने साप नीट पाहिला त्याचा हात काठीकडे जात नाही. हे उत्तर थोडे सोयीचे आहे, हे मला कळते. शिकाऱ्यापाशीही असले एखादे उत्तर असतेच.

खरी अडचण मात्र पाहण्यात नाही, सांगण्यात आहे. आनंद झाला की तो सोबत्याला सांगावासा वाटतो, आणि आमच्या छंदात आनंद सांगायचा म्हणजे पत्ता सांगायचा. घाटावरच्या मांडुळाची गोष्ट वाचकांच्या कानांवर असेलच. बिनविषारी, भुसभुशीत मातीत राहणारा गरीब जीव. शेपूट बोथट म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात, आणि त्याच्या पायी गुप्तधन मिळते या वेडगळ समजुतीने त्याचे लाखांचे व्यवहार होतात. एकदा एक सद्गृहस्थ आम्हांला शोधीत आले. सापांची सारी नावे त्यांना पाठ. पण मांडुळाचा विषय निघताच त्यांनी रंग विचारला नाही, सवयी विचारल्या नाहीत, विचारले, “वजन किती भरेल?” वायरमनने त्यांना चहा पाजला आणि एसटीत बसवून दिले.

इथवर सारे सोपे होते. गेल्या वर्षी भातकापणीनंतर आम्हांला एक घोणस दिसली. चांगली मनगटाएवढी जाड, पाठीवर साखळीसारखे ठिपके. राहायची मात्र एका काकींच्या मळ्याच्या गडग्यात, आणि त्या गडग्याकडेला काकी रोज गवत कापायच्या.

सर्पमित्राला बोलाविले. घोणस गडग्याच्या पोटात. सारा गडगा पाडल्यावाचून ती हाती येईना. दुकानातला तरुण म्हणाला, आपण रोज लक्ष ठेवू. वायरमन म्हणाला, “काकींना सांगणे म्हणजे मारेकऱ्याला पत्ता देणे. इतके दिवस ती तिथे आहे, कोणाला चावली?”

२००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली एका अभ्यासात प्रसिद्ध झाला. ही माणसे विजेरी घेऊन हौसेने साप पाहायला गेलेली नव्हती. बहुतेक खेड्यांतली होती, आणि त्यांना पोटासाठी गवतात हात घालावा लागत होता.

मी काकींना सांगितले. कुठे बसते, ऊन कधी खाते, कुकरच्या शिटीसारखा फुत्कार कसा करते, आणि चावलीच तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठायचा, हे सारे सांगितले. मारू नका, असेही सांगितले. त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही तिला बघायला येता. मला तिथं हात घालायचा असतो.”

आठ दिवस काकी पायांत गमबूट घालून, काठी आपटीत गवत कापीत होत्या. नवव्या दिवशी घोणस उन्हाला बाहेर आली असता त्यांच्या मुलाने तिला मारली.

वायरमनने माझ्याशी बोलणे टाकले. “मास्तर, तिने आपल्यावर विश्वास टाकला होता,” एवढेच म्हणाला. यावर मी पुष्कळ विचार केला. घोणशीला आम्ही कोण हेही ठाऊक नव्हते. विश्वास टाकला होता तो काकींनी. त्यांच्या मळ्यातून आम्ही वेळीअवेळी विजेऱ्या घेऊन हिंडत होतो आणि त्यांनी एकदाही का म्हणून विचारले नव्हते. ज्या गुपिताची किंमत दुसऱ्याच्या हाताने चुकती व्हायची, ते राखण्याचा हक्क मला कोणी दिला? उद्या पुन्हा तसे झाले तर मी पुन्हा सांगेन. ओढ्याकाठच्या चापड्याची जागा मात्र मी घरीही बोललो नाही. तिथे कोणी हात घालीत नाही. घोणस मेली याचे वाईट वाटते, ते अजून वाटते. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहतात, त्याला इलाज नाही.

दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुले आता दगड गोळा करीत हिंडतात. आधी काठीने दगड उलथा, मग हात घाला, एवढे मी वर्गात सांगून ठेवले आहे.

यंदाच्या पावसात वायरमन पुन्हा सड्यावर येऊ लागला. ओढ्यापलीकडे त्याने काहीतरी पाहिले आहे म्हणे. काय आणि कुठे, ते सातवीतल्या त्या मुलाला ठाऊक आहे. मास्तरांना सांगायचे नाही अशी त्याला ताकीद आहे. मुलगा वर्गात पहिल्याच बाकावर बसतो. मी अजून विचारलेले नाही.