खंडेनवमी आणि चतुर्दशी

नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबई-आग्रा महामार्गाने पुढे गेले की ओझर लागते. मिग-२१ विमाने परवान्याने भारतात बांधण्यासाठी १९६४ साली तेथे कारखाना उभा राहिला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला वायुदलाने या विमानाला निरोप दिला आणि १७ ऑक्टोबरला ओझरहूनच नव्या तेजस मार्क-१ए विमानाने झेप घेतली. या दोन तारखा यापुढे दरवर्षी येतील. त्या दिवशी स्मरण कोणाचे करायचे, हा प्रश्न धर्माचा आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नर निवासावर मिग-२१ विमानांनी केलेला हल्ला आपण अभिमानाने आठवतो, आणि आठवावाच. पण २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सर्व प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिकांचा बळी गेला होता. विजयाचा दिवस पाळणाऱ्या समाजावर या मृतांचेही ऋण आहे, कारण सराव आणि गस्तीची जोखीम त्यांनी उचलली म्हणूनच विजय शक्य झाला. आणि जमिनीवरच्या माणसांना तर ती जोखीम कोणी विचारलीही नव्हती.

आपल्या परंपरेत या दोन्ही कर्तव्यांना जागा आहे. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. त्याआधी पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशी शस्त्राने किंवा अपघाताने मेलेल्यांसाठी राखलेली असते. आधी मृतांचे स्मरण, मग शस्त्राचा गौरव, या क्रमात मोठा विवेक आहे. कोणी म्हणेल, श्राद्ध हा कुटुंबाचा विधी, राष्ट्राचा त्याच्याशी काय संबंध? पण तर्पणात नात्यागोत्याच्या नसलेल्यांनाही पाणी दिले जाते. ऋण रक्तापलीकडे जाते, हे त्यात गृहीतच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अपघात मोजत बसलो तर वैमानिकांचे मनोधैर्य खचेल, आणि सहा दशके वापरलेल्या विमानावर अन्याय होईल. दीर्घ सेवेमुळे आकडा वाढतो, हे खरेच. परंतु स्मरण म्हणजे खटला नव्हे. अमेरिकेची अंतराळसंस्था नासा दरवर्षी जानेवारीच्या अखेरीच्या सुमारास अपोलो-१, चॅलेंजर आणि कल्पना चावला ज्यात गेल्या त्या कोलंबियाच्या अंतराळवीरांचे जाहीर स्मरण करते. म्हणून तिची उड्डाणे थांबली नाहीत. वैमानिकाला धोका ठाऊकच असतो. आपण गेलो तर विसरले जाऊ, ही शंका त्याचे धैर्य अधिक खचवील.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईत तेजस कोसळून वैमानिकाचा मृत्यू झाला, तेव्हा हा प्रश्न जुन्या विमानापुरता उरला नाही. ओझरच्या उड्डाणाचा वर्धापनदिन अभिमानाने साजरा व्हावा. मात्र त्याच दिवशी मृत वैमानिकांची आणि नागरिकांची नावे मोठ्याने वाचली जावीत, आणि त्यांच्या मृत्यूतून सुरक्षिततेसाठी काय बदलले, हे सांगितले जावे. गौरव करण्याचा अधिकार या हिशेबानंतरच मिळतो.