रांगेत मागे राहिलेला

बिलोलीत माणूस अत्यवस्थ झाला की पहिला प्रश्न उठतो तो "कुठं न्यायचं?" हा. गावच्या दवाखान्यात भागले तर ठीक. नाही तर नरसी-नायगावचा रस्ता धरून नांदेड, किंवा येसगीच्या पुलावरून मांजरा ओलांडून निजामाबाद. रस्त्यातच माणूस अर्धा होतो, आणि पोचल्यावर कळते की खरे थांबणे आता कुठे सुरू झाले आहे.

शेजारच्या काकांचा हात मनगटाशी मोडला तेव्हा मी त्यांना घेऊन अशाच एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रभर बसलो होतो. केसपेपर काढून झाला होता. आमच्या आधी चौघेजण होते. तेवढ्यात घोणस चावलेल्या एका शेतमजूर बाईला उचलून आणले व थेट आत नेले. थोड्या वेळाने इस्त्रीच्या कपड्यांतले एक गृहस्थ कुणाला तरी फोन लावीत आले. तेही आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटाला एवढीशी पट्टी होती! काका हळूच म्हणाले, "आपल्याला विसरले तर नाहीत ना रे?"

रांग ही न्यायाची सर्वांत सोपी रीत. रेशनच्या दुकानात, एस. टी.च्या खिडकीशी आपण तिच्यासाठी भांडतो. पण इथे रांग पाळणे हाच अन्याय ठरेल. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लॅरे याने हुद्दा न पाहता ज्याची जखम गंभीर त्याच्यावर आधी उपचार करण्याचा परिपाठ ठेवला, आणि आजही अपघात विभागात तेच तत्त्व मानतात. त्या बाईने आमचा नंबर घेतला हे योग्यच झाले. त्या गृहस्थांनी घेतला ती चोरी होती. अडचण अशी, की बाहेरच्या बाकावरून दोन्ही वेळा दार सारखेच उघडताना दिसते.

आपला हक्क सोडून दे, असे ज्याला आपण सांगतो, त्याला तो कुणासाठी सोडायचा हे कळण्याचा अधिकार नाही काय? डॉक्टरांना बोलायला सवड नसते, हे मला मान्य आहे. एकाने दहाजणांचे काम करावे अशी व्यवस्था त्यांनी केलेली नाही.

२०२३ साली सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागला, त्या सुमारास नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधे, खाटा, माणसे यांविषयी तेव्हा पुष्कळ बोलले गेले, आणि ते बोलायलाच हवे होते. अनेक रुग्ण लांबून, शेवटच्या अवस्थेत आले होते, असे प्रशासनाने सांगितले. 'लांबून' या शब्दापाशी मी अडखळलो. ते लांब म्हणजे आम्हीच की! दारात आलेल्यांपैकी अधिक गंभीर कोण, हे डॉक्टर ठरवू शकतात. पण जो अजून वाटेतच आहे त्याचा नंबर कोण लावणार?

पहाटे एक सिस्टर बाहेर आली. तिचे डोळे झोपेने तारवटले होते. काकांच्या हाताकडे पाहून म्हणाली, "बाबा, विसरलो नाही तुम्हाला. आत बाईचा जीव अडकलाय, आणखी तासभर लागेल." एवढे बोलायला तिला किती वेळ लागला असेल? काकांनी मान डोलावली, मोडका हात मांडीवर नीट ठेवला. पुढच्या तासात त्यांनी नंबर एकदाही विचारला नाही, दार उघडले की मात्र विचारीत, "त्या बाईचं कसं आहे?"