सीटखालची बाटली

किन्हवलीच्या पुढच्या एका गावात एक तरुण राहत होता. वडील गेल्यावर दीड एकर भातशेती आणि एक जुनी सुमो एवढंच त्याच्या वाट्याला आलं. शेती पावसाळ्यापुरती, उरलेले आठ महिने घर सुमोवर चालायचं. पहाटे भेंडीचे क्रेट शहापूरला पोहोचवायचे, मग आसनगावला लोकल पकडणारी माणसं सोडायची, दुपारी सरळगावमार्गे मुरबाड आणि दिवेलागणीला परत. गाडी म्हातारी असली तरी तिचा भरवसा होता. शाळेची मुलं, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या लेकी, तालुक्याला कागदपत्रं घेऊन जाणारे शेतकरी, सगळे तिच्यातच बसायचे.

दिवाळी झाली आणि एके सकाळी गाडी काढल्यावर सारवलेल्या अंगणात रुपयाएवढा लाल डाग दिसला. इंजिनचं ऑइल काळं पडतं, हे लाल होतं. दोन दिवसांनी डाग बशीएवढा झाला. गाडी जागेवर वळवताना पुढून कण्हल्यासारखा आवाजही यायला लागला.

शहापूरला हायवेलगत एक मिस्त्री होते. वडिलांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याकडेच जायची. लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत. काका गाडीखाली शिरले, फडक्याने सगळं पुसून कोरडं केलं आणि त्याला इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगितलं. मग त्यांनी त्याला खाली बोलावलं. बॅटरीच्या उजेडात एका जाड रबरी पाइपाच्या टोकाला, जिथे लोखंडी टोपी दाबून बसवलेली असते तिथे, लाल थेंब जमत होता. तरुणाने बोट पुढे केलं तसा काकांनी त्याचा हात धरला.

"बोट नाही लावायचं. आत दाब असताना बारीक भोकातून ऑइल कातडी फोडून आत शिरतं. बघायचं तर पुठ्ठा धरायचा."

"क्लिप मारून द्या ना काका, घट्ट."

"हा परतीचा पाइप असता तर मारली असती. त्यात दाब फारसा नसतो. हा पंपाकडून स्टेअरिंग बॉक्सकडे जातो. तू जागेवर चाकं वळवतोस तेव्हा याच्यात सत्तर-ऐंशी किलोचा दाब येतो, टायरमधल्या हवेच्या तीस-पस्तीसपट. त्यापुढे क्लिप, एम-सील, ट्यूबची पट्टी, काही टिकत नाही. पाइप बदलावा लागेल. कल्याणहून प्रेस करून आणतो. बावीसशे रुपये आणि एक दिवस गाडी उभी."

बावीसशेचं त्याला फारसं वाटलं नाही. जड वाटला तो एक दिवस. भेंडीचा हंगाम सुरू झाला होता, लग्नांच्या तारखा लागल्या होत्या. त्याने विचारलं, "तोवर काय करू?"

"तोवर ऑइल बघत राहा. कमी झालं की भर. पण आठ दिवसांत ये."

यातलं पहिलं वाक्य त्याच्या लक्षात राहिलं. त्याने स्टेअरिंग ऑइलची बाटली घेतली आणि सीटखाली ठेवली.

पहिली बाटली पंधरा दिवस पुरली. दुसरी आठ दिवस. त्यानंतर त्याला एक शिस्तच लागली. पहाटे बोनेट उघडायचं, डबीचं झाकण काढायचं, खुणेपर्यंत ऑइल ओतायचं, झाकण लावायचं, निघायचं. ऑइल भरलं की आवाज बंद व्हायचा आणि स्टेअरिंग लोण्यासारखं फिरायचं. अंगणातल्या डागावर त्याने राख टाकली. स्टँडवर तो गाडी आता मातीच्या कडेला लावायचा, म्हणजे ठिबकलेलं दिसत नसे. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "रोज लक्ष असतं माझं गाडीवर." आणि ते खोटंही नव्हतं. इतकं लक्ष त्याने गाडी धडधाकट असताना कधीच दिलं नव्हतं.

माणूस इथेच फसतो. आळशी माणसाला निदान आपण आळस करतोय हे ठाऊक असतं. रोज नेमाने भर घालणाऱ्याला मात्र आपण काळजी घेतोय असंच वाटत राहतं. त्याचे हात कामात असतात, पैसे खर्च होत असतात, आणि दुखणं आपल्या जागी वाढत असतं.

एकदा दुपारच्या फेरीला डोंगराकडच्या पाड्यावरची एक आजी पुढच्या सीटवर बसली होती. सरळगावला गाडी थांबवून त्याने बोनेट उघडलं आणि बाटली रिकामी केली. आजीने विचारलं, "रोज पाजतोस?"

"हो आजी. थोडं गळतं."

"माझा हंडा असाच गळायचा," आजी म्हणाली. "बुडाला बारीक भोक. विहीर लांब. घरी येईस्तो निम्मा हंडा वाटेतच. मग मी काय केलं, भरभर चालायला शिकले. चार महिने पळत पाणी आणलं. सून म्हणाली, आत्या, पायांना किती शिकवाल, हंड्याला डाख लावा की. बाजारात डाख लावून घेतला, अर्ध्या घटकेचं काम."

तरुण हसला. "जत्रा होऊ द्या आजी, मग लावतो डाख."

आजीची विहीर लांब का होती, हेही सांगायला हवं. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मोठी धरणं आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. भातसा तर आज मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा उचलतं. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांवर चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात आणि टँकरची वाट बघावी लागते. टँकर लागतोच, तहानलेल्या माणसाला धोरण पाजता येत नाही. पण टँकर आला की ओरड थांबते आणि ओरड थांबली की कायमच्या नळाचं काम पुढच्या उन्हाळ्यावर जातं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टँकर येतो. आजीच्या सासूने पाणी वाहिलं, आजीने वाहिलं, आता सून वाहते. भर घालण्याच्या सवयीची किंमत अशी पिढ्यांनी मोजावी लागते, आणि मोजणारे बहुतेक वेळा भर घालणारे नसतात.

पौषी पौर्णिमा आली. मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरली. बैलांचा बाजार, घोंगड्या, विळे-कोयते, मिठाई. ठाण्या-रायगडाची आणि घाटावरचीही माणसं तिथे लोटतात. त्या दिवसांत गाडीला दम नसतो. तरुणाने सीटखाली एकाऐवजी दोन बाटल्या ठेवल्या.

परतीची रात्रीची फेरी होती. गाडी खच्चून भरलेली, मागे झोपलेली पोरं, टपावर घोंगड्यांचे गठ्ठे. सरळगाव सोडून गाडी किन्हवलीच्या रस्त्याला लागली आणि पंप किंचाळल्यासारखा ओरडला. पुढे उताराचं वळण होतं. त्याने स्टेअरिंग वळवलं आणि ते दगडासारखं लागलं. पॉवर गेली तरी चाकं स्टेअरिंगला जोडलेलीच असतात, गाडी वळते. पण ज्या हाताला महिनोन् महिने एका बोटाची सवय, त्याला अचानक सगळी ताकद लावावी लागते, आणि वळण तेवढी वाट बघत नाही. तो अर्धवट उठला, दोन्ही हातांनी ओढत गाडी कशीबशी वळणातून काढली आणि खडीत उभी केली. बोनेटमधून धूर येत होता. पाइप टोपीपाशी सुटला होता आणि ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर उडत होतं. त्याने इंजिन बंद केलं, सगळ्यांना उतरवलं. कोणी पाणी घेऊन धावलं, त्याला त्याने थांबवलं. पेटत्या तेलावर पाणी मारायचं नसतं, आणि अजून पेटलेलं काही नव्हतं. धूर हळूहळू बसला.

कोणाला खरचटलंही नाही. मागून आलेल्या दोन जीपांनी माणसं वाटून घेतली. एका बाईने झोपलेलं पोर खांद्यावर टाकताना त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, आधी कळलं नव्हतं का?" तिने रागाने विचारलं नव्हतं. त्याला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी बांधून शहापूरला आणली. काकांनी पंप खोलून दाखवला. कोरड्या चालण्याने आतून ओरखडे पडले होते. बेल्ट ऑइल पिऊन फुगला होता. पंप, पाइप, बेल्ट, ऑइल, मजुरी मिळून आकडा बावीसशेच्या कितीतरी पुढे गेला, शिवाय जत्रेचे उरलेले दिवस गाडी उभी.

"मी रोज भरत होतो काका," तो म्हणाला. "एक दिवस चुकवला नाही."

"तेच तर," काका म्हणाले. "तू भरत होतास, थांबवत नव्हतास. भरण्याने आजचा दिवस निघतो, गळती तशीच राहते. म्हणून तर तुला आठ दिवस सांगितले होते."

एवढं बोलून ते पुन्हा गाडीखाली गेले, आणि मला काकांचं मोठेपण त्यांच्या बोलण्यापेक्षा पुढच्या कामात दिसतं. नवा पाइप लावून ते मोकळे झाले नाहीत. जुना पाइप त्यांनी उजेडात फिरवून पाहिला. मधे एका बाजूने रबर घासून चपटं झालं होतं. तिथे पाइप धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी असायला हवी. ती केव्हातरी तुटून पडली होती. आधार सुटल्यामुळे पाइप प्रत्येक खड्ड्याला हेलकावे खात होता आणि सगळा ताण टोकाच्या टोपीवर येत होता. "ही पट्टी नसती लावली तर नवा पाइपही असाच गेला असता," असं म्हणत त्यांनी पट्टी कापून, वाकवून, आत रबर घालून बसवली. सांध्याला नवी ओ-रिंग घातली. जुनं ऑइल पूर्ण काढलं. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून त्याला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला लावलं. डबीत बुडबुडे येत राहिले, ऑइल खाली जात राहिलं, काका ओतत राहिले. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू केलं.

"जागेवर पूर्ण वळवून धरून ठेवत जाऊ नकोस. शेवटाला लागलं की जरा सोड. दाब तिथेच सगळ्यात जास्त असतो."

त्याने पैसे मोजले. निम्मे दिले, निम्म्याचा वायदा केला. किल्ली घेतली, दार उघडलं, आणि पुन्हा बंद केलं.

"काका, गाडी इथे आहेच तर ब्रेकचे पाइपही बघून घेता?"

काकांनी बॅटरी उचलली. मागचे दोन्ही ठीक होते. पुढच्या डाव्या चाकाकडचा रबरी पाइप वाकवल्यावर त्यावर बारीक भेगा दिसल्या. गळत अजून काही नव्हतं.

"महिनाभर चालेलही," काका म्हणाले. "पण सामान उद्या दहाला दुकान उघडल्यावर मिळेल."

तरुणाने फोन काढला. भेंडीवाल्याला सांगितलं, उद्या माल दुसऱ्या गाडीने पाठवा. मग शाळेच्या मुलांच्या घरी एकेक फोन लावायला घेतला.